शिक्षक कॉलनीची झडप

वडगिरीच्या शिक्षक कॉलनीत सगळ्या घरांची जोती एका उंचीची होती, आणि तिथल्या मंडळींना या गोष्टीचा भारी अभिमान होता. कॉलनी वसली तेव्हा पहिल्याच बैठकीत ठराव झाला: जोतं दीड फुटाचं, कुणीही शेजाऱ्यापेक्षा बोटभरसुद्धा वर चढवायचं नाही. बाकी गावात रिवाज उलटा होता. जो मागाहून बांधेल त्याने भरणी टाकून आपलं घर शेजाऱ्यापेक्षा हातभर वर न्यायचं, म्हणजे पावसाचं पाणी आपसूक शेजाऱ्याच्या दारात. पुढे शेजाऱ्याने घर पाडून नवं बांधलं, की त्याने आणखी हातभर. मास्तर लोकांना हा पोरखेळ वाटला. आपण मुलांना रांगेत उभं राहायला शिकवतो, मग आपली घरं तरी रांगेत नकोत का?

ठराव उत्तम होता. एक गोष्ट मात्र त्यात धरली नव्हती, ती म्हणजे रस्ता. पन्नास वर्षं डांबरावर डांबर चढत गेलं, खालचा थर खरवडायचे कष्ट कुणी घेतले नाहीत, आणि रस्ताच एक दिवस जोत्यांच्या वर गेला. तोवर गावातल्या लोकांनी जॅक लावून अख्खी घरं चार-चार फूट उचलून घेतली होती. कॉलनीने नाही घेतली. एकट्याने उचललं तर ठराव मोडतो, आणि सगळ्यांनी मिळून उचलायचं तर सगळ्यांचं एकमत व्हायला हवं. तीस मास्तरांचं एकमत झालेलं कुणी पाहिलंय का?

केतकी खवरे याच कॉलनीत वाढली. आता बेचाळिशीची होती आणि पावसाच्या पाण्याचा निचरा हा तिचा धंदा होता. बंगला असो की सोसायटी, छपरावर पडलेलं पाणी कुठून उतरेल, अंगणात कुठे थबकेल, घराच्या पायात मुरून भिंतीला ओल कशी आणेल, हे ती जागेवर चालत चालत सांगायची. ती राहायची चढावरच्या शिखर रेसिडेन्सीत. तिथेच सर्वांत खालच्या पार्किंगमध्ये तिचं गोडाऊन होतं. पंप, पाइपांत सोडायचा कॅमेरा, उतार मोजायची यंत्रं, सगळी मिळकत तिथे. तिचे वडील जयवंत खवरे सर, म्हणजे तात्या, पी.टी.चे शिक्षक होते. शहात्तराव्या वर्षीही पाठ ताठ, आवाज त्याहून ताठ. शिखरचा जिना चढायचा नाही असं त्यांनी गेल्या वर्षी ठरवलं होतं, आणि त्याचं कारण वर्षासूत्र.

वर्षासूत्र ही कंपनी, आणि तिच्या यंत्रणेला लोक नुसतं 'सूत्र' म्हणायचे. कल्पना खरोखर हुशारीची होती. पूर्वी पाऊस मातीवर पडायचा, माती तो पिऊन घ्यायची आणि उरलेला सावकाश ओढ्याला सोडायची. आता गावभर सिमेंट. पावसाची सर आली की सगळ्या छपरांचं, सगळ्या अंगणांचं पाणी एकाच वेळी गटारात धावतं आणि ओढा तुंबतो. गंमत अशी, की तो तुंबतो तेवढ्या अर्ध्या-पाऊण तासापुरताच. त्याआधी तो निम्मा रिकामा असतो आणि नंतरही. म्हणजे पाणी जास्त नसतं, घाई जास्त असते. काही घरांनी आपलं पाणी जरा वेळ धरून ठेवलं आणि पाळीपाळीने सोडलं तर तोच ओढा तेवढाच पाऊस सहज नेतो.

पाळी लावायचं काम सूत्राचं. प्रत्येक घराच्या पाण्याच्या तोंडाशी जमिनीखाली ताटाएवढी झडप आणि तिला मोटर. आकाशातले ढग, टेकडीवरचे मापक आणि ओढ्याची पातळी पाहून सूत्र आधीच अंदाज बांधायचं आणि झडपा उघडत-मिटत राहायचं. पहिली दोन वर्षं वडगिरीत कुठेच पाणी भरलं नाही. लोकांनी पेढे वाटले. गावातल्या बहुतेक झडपा केतकीने बसवल्या होत्या, कॉलनीच्या तोंडाची मोठी झडपसुद्धा.

तिसऱ्या वर्षी कॉलनीत गुडघाभर पाणी शिरलं. तेही ओढा काठाखाली वाहत असताना.

केतकी तडक कंपनीत गेली. तिथला प्रमुख तन्मय दाबके हा पुण्याहून आलेला, सभ्य, हळू आवाजात बोलणारा तरुण. त्याने तिला चहा मागवला.

"बिघाड नव्हता, मॅडम. सूत्रानं अगदी बरोबर काम केलं."

"माझ्या वडलांच्या घरात गुडघाभर पाणी होतं."

"हो, नोंद आहे. त्या दिवशी गावाचं एकूण नुकसान सगळ्यात कमी झालं, ते त्यामुळेच."

त्याने काही न लपवता समजावलं. कधी कधी पाऊस इतका पडतो की पाळी लावूनही पाणी उरतं. ते कुठेतरी थोपवावंच लागतं. मग सूत्र प्रत्येक जागेचा हिशेब मांडतं: इथे पाणी भरलं तर किती रुपयांचं नुकसान? घराची बाजारातली किंमत, आतलं सामान, दारात उभ्या असलेल्या गाड्या. गाड्यांचे टॅग रस्त्यावरचे खांब वाचतात, त्यामुळे कुठे काय उभं आहे ते सूत्राला मिनिटागणिक कळतं. जिथे आकडा सगळ्यात लहान, तिथली झडप मिटते. शिखरचं सर्वांत खालचं पार्किंगसुद्धा अशा वेळी वापरायची टाकी म्हणून जोडलेलं होतं. पण तिथे एकेक गाडी कॉलनीतल्या दोन घरांच्या किमतीची, त्यामुळे त्याची पाळी कधी आली नव्हती.

"आणि माणसांचं काय?"

"जीवाला धोका होईल एवढं पाणी सूत्र चढू देत नाही. गुडघ्याच्या वर नाहीच. ते पक्कं आहे."

"म्हणजे गुडघ्याखालचा माणूस हिशेबात नाही."

"मनस्तापाला दर नाही, मॅडम. असता तर धरला असता." मग त्याने कागद पुढे सरकवला. कॉलनी कायमचं धारणक्षेत्र करायची होती. म्हणजे जास्तीचं पाणी नेहमी तिथेच थोपवायचं. रहिवाशांना मोबदला मिळणार होता आणि आजूबाजूच्या सगळ्या गावांच्या झडपांचं काम केतकीला. "तुमच्या वडलांना तुम्हीच नीट समजावू शकाल," तो म्हणाला.

तिने कागदाला हात लावला नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिचा निम्म्याहून जास्त धंदा कंपनीचा होता. पण जिना उतरताना तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. बळी तो कान पिळी हे तिला ठाऊक होतं. पण कान पिळताना इतक्या गोड बोलीत हिशेब समजावून सांगणारा बळी तिने पहिल्यांदाच पाहिला.

तात्यांना तिने सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आमची किंमत कमी, म्हणून?"

"हो."

"आणि झडप तू बसवलीस."

"मी बसवली, तात्या."

"बरं," म्हणून ते भिंतीवरची चिखलाची रेघ पुसायला लागले. ती शिव्याशाप ऐकायच्या तयारीने गेली होती.

पुढल्या वर्षी गुरुपौर्णिमेला आभाळ भरून आलं. कॉलनीत हा दिवस दिवाळीपेक्षा मोठा. गावातले निम्मे डॉक्टर, वकील, बिल्डर, कारखानदार याच मास्तरांच्या हाताखालून गेलेले. वर्षभर फिरकले नाहीत तरी या दिवशी येऊन पाया पडून जायचे. पाच मिनिटं टेकायचं, पेढा खायचा आणि पुढच्या घरी. सकाळीच सगळ्यांच्या फोनवर निरोप आला: 'आपला परिसर आज दुपारी धारणक्षेत्र राहील. कृपया सामान उंचावर ठेवावे. सहकार्याबद्दल आभार.'

केतकी धावत खाली आली. "तात्या, चला माझ्याकडे. आजच्या दिवस तरी."

"आज? आज पोरं येणार माझी. कुलूप बघून परत जातील."

"पाणी येणार आहे हो!"

"येऊ दे की. पाटावर बसतो. पाया पडायला पाय पाण्यात असले तरी चालतात."

समोरच्या कवठेकर बाई, निवृत्त गणित शिक्षिका, गादी कपाटावर चढवता चढवता फाटकातून म्हणाल्या, "केतकी, त्या तुझ्या सूत्राला एवढं तरी विचार, माझ्या गादीचा काय दर लावलाय? मी दोन महिन्यांपूर्वीच पिंजून घेतलीय."

केतकी हसली, आणि हसता हसता थांबली. गल्लीत एक लांबलचक काळी गाडी शिरत होती. धैर्यशील मगदूम, शिखरचा बिल्डर आणि चेअरमन. तात्यांचा सर्वांत व्रात्य विद्यार्थी. गाडी दारात उभी राहिली तशी केतकीने फोनवर सूत्राचा गावनकाशा उघडला. कॉलनी निळी होती. निळं म्हणजे बुडवायचं. आणि कॉलनीखालचा नुकसानाचा आकडा तिच्या डोळ्यांदेखत टुणकन वर उडाला.

"बाई," ती म्हणाली, "एक गणित घालते. सोडवाल?"

कवठेकर बाईंनी चष्मा पुसला. आकडे ऐकले, ओठ हलवले आणि मिनिटभरात सांगितलं, "मगदूमसारख्या गाड्या असल्या तर पंधरा पुरतील. साध्या असल्या तर चाळीसेक. आणि शिखरमधून निघालेल्या असल्या तर दुप्पट फायदा. इकडचं वाढेल, तिकडचं घटेल."

मग जी धांदल उडाली ती काय सांगावी. एरवी मास्तरांचं एकमत होत नाही, पण विद्यार्थ्याला फोन करून 'अजून आला नाहीस?' म्हणून दरडावण्यात कुणाचाही मतभेद नव्हता. डॉक्टर आले, वकील आले, कारखान्याचे संचालक आले. आलेल्याला कुणी सोडेना. कुणाला पोहे, कुणाला थालीपीठ, कुणाला जुन्या प्रगतिपुस्तकाची आठवण. गल्लीत गाडीला गाडी लागली. दुपारी पावसाने तोंड उघडलं तेव्हा नकाशावरचा कॉलनीचा निळा रंग फिकट झाला, आणखी फिकट झाला आणि विझला. त्याच क्षणी शिखरचं खालचं पार्किंग निळं झालं.

केतकीचं गोडाऊन तिथेच! हे तिला आधी सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं, आणि तिने ते पुढे ढकललं होतं.

धैर्यशीलचा फोन वाजला. निरोप वाचून तो थालीपीठ टाकून उठला. "आयला! सर, माझ्या पार्किंगमध्ये पाणी सोडायलाय त्यो! लिफ्टची मोटार हाय तिथं, ट्रान्सफॉर्मर हाय! गाडी हलवतो, आकडा परत फिरतोय का बघू या."

"मगदूम!" तात्या ओरडले. "सावधान!"

पन्नाशीचा, सात इमारतींचा मालक मगदूम दारात टाचा जुळवून उभा राहिला. पाय ऐकेनात, सवयच तशी.

"गेल्या वर्षी माझ्या घरात पाणी आलं तेव्हा आलतास?"

"न्हाई, सर."

"ठाऊक होतं?"

मगदूमची नजर जमिनीकडे वळली. ठाऊक होतं.

"पायाला हात लावतोस आणि त्याच पायांखाली पाणी सोडतोस. जायचं तर जा. पुढच्या वर्षी येऊ नकोस."

मगदूमने दारातल्या गाडीकडे पाहिलं. मग परत येऊन खुर्चीत बसला आणि ताट पुढे ओढून घुश्शात म्हणाला, "लई अवघड मास्तर हाईसा तुम्ही."

एवढ्यात केतकीला दाबकेचा फोन आला. "मॅडम, चार गाड्या हलवायला सांगा. आत्ता. तुमचं स्वतःचं सगळं सामान तिथे आहे, मला दिसतंय. उभा धंदा बुडेल."

ती पडवीत उभी होती. पाऊस कोसळत होता. तिच्या डोळ्यांसमोर तो कॅमेरा आला, तीन वर्षं हप्ते फेडून घेतलेला. पाठीमागे घरात तात्या कुणाला तरी सूर्यनमस्कारात गुडघा वाकवल्याबद्दल चाळीस वर्षांनी रागवत होते.

"बुडू दे," ती म्हणाली. "माझं मी बघते."

त्या दुपारी शिखरचं तळघर भरलं आणि शिक्षक कॉलनीची मोठी झडप सताड उघडी राहिली. कॉलनीचं पाणी ओढ्याला खळखळत गेलं. अंगणं ओली झाली तेवढीच. संध्याकाळी गाड्या निघाल्या तशी मंडळी गल्लीत येऊन हसत सुटली. कवठेकर बाई कपाटावरची गादी उतरवून तिच्यावर बसल्या आणि भेटेल त्याला गणित समजावू लागल्या.

तात्या तेवढे हसत नव्हते.

"काय झालं, तात्या? जिंकलो की."

"कोण जिंकलं?" त्यांचा आवाज चक्क कापत होता. "मी या घरात पंचेचाळीस वर्षं राहतोय. तुझी आई इथं गेली. त्याचं त्या यंत्राला काही नाही. मगदूमची गाडी दारात उभी राहिली, म्हणून वाचलो. मला माणूस म्हणून वाचायचं होतं गं. गाडीची सावली म्हणून नाही."

केतकीला वाटलं होतं, आपण त्यांच्यासाठी केवढं गमावलं! आणि आता कळत होतं की त्यांनी त्याहून जास्त गमावलं होतं, आणि ते तिच्याच युक्तीने. ती शिखरवर गेली, टॉर्चच्या उजेडात काळ्या पाण्यावर तरंगणारे तिचे खोके पाहिले आणि तिथल्या पायरीवर बसून मनसोक्त रडली.

कंपनीने आठवड्यात हिशेब बदलला. पाहुण्यांच्या गाड्या यापुढे धरायच्या नाहीत, रहिवाशांच्याच धरायच्या. कॉलनीत रहिवाशांच्या मिळून नऊ स्कूटर होत्या. पुढच्या मुसळधार पावसाचा अंदाज आला तसा निरोपही आला, तोच सभ्य, तोच आभार मानणारा.

या वेळी केतकीने नकाशा उघडला नाही. ती दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत, पाने आणि पहार घेऊन ओढ्याकाठच्या चेंबरपाशी गेली. तिच्याकडे काम शिकलेले चौघे न बोलावता आले होते. झाकण उचलून ती कमरेभर खोल खड्ड्यात उतरली. झडप एकट्याने निघणारी नव्हती. तात्या दोर घेऊन काठावर उभे होते.

"मगदूम, दोर धर."

मगदूम खरोखरच आला होता. गाडी लांब उभी करून, छत्री धरून, तोंड वाकडं करून. "सर, माझी लिफ्ट अजून बंद हाय. सात मजले चढतोय मी."

"मग पायात जोर आला असेल. धर."

मगदूमने छत्री मिटली आणि दोर धरला.

दाबकेची जीप येऊन थांबली. तो एकटाच होता, घाईने उतरला, चिखलात बूट रुतले. "मॅडम, हे बेकायदेशीर आहे. मला तक्रार करावी लागेल."

"करा की. नाव लिहून घ्या. केतकी जयवंत खवरे."

"आमचंही लिहा," कवठेकर बाई म्हणाल्या, आणि मग एकेकाने आपलं नाव सांगायला सुरुवात केली, हजेरी द्यावी तसं, मोठ्याने. दाबकेने लिहिलं नाही.

"तुम्ही आज काढाल, मी उद्या दुसरी बसवून घेईन."

"कुणाकडून? या गावात हे काम मला येतं आणि या चौघांना. विचारून बघा."

चौघांनी त्याच्याकडे पाहिलं. एकाने हातातला पाना दुसऱ्या हातात घेतला.

दाबकेचा आवाज खाली आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच काळजी वाटत होती, आणि त्याचा प्रश्नही खोटा नव्हता. "ठीक आहे. ही झडप गेली असं समजू. पण आज संध्याकाळी जे पाणी येणार आहे, ते तर येणारच. ओढा एवढं नेणार नाही. तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. ते कुठेतरी जाणार. पुलापाशी जाईल, बाजारात जाईल. मग कुठे पाठवू मी ते? सांगा ना!"

केतकीने खड्ड्यातून वर पाहिलं. पावसाचे पहिले थेंब तिच्या कपाळावर पडले. बाजार तिला दिसत होता, पूल दिसत होता, चढावरची शिखरची गच्ची दिसत होती, आणि त्याहून वरचे सगळे बंगले, एकापेक्षा एक उंच जोत्यांचे.

"वर चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "दार वाजवू. प्रत्येकाला सांगू, एवढं पाणी उरतंय, तू किती घेतोस? अंगणात घे, गच्चीवर घे, तळघरात घे. कुणी जास्त घेईल, कुणी कमी. कुणी दार लावून घेईल. मग उरलेलं आम्ही घेऊ. घोटाभर घेऊ, आनंदाने घेऊ, आमची ना नाही."

"आणि सगळ्यांनीच नाही म्हटलं तर?"

"तर बाजारात भरेल, दाबके साहेब, आणि सगळे मिळून उपसू. पाणी जाईलच कुठेतरी. पण या गावात ते आता कुणाच्या घरात विचारल्याशिवाय जाणार नाही."

तिने पाना शेवटच्या बोल्टला लावला. "ओढा आता," ती म्हणाली. तात्यांनी, मगदूमने आणि चौघांनी दोर ताणला, झडप करकरत सुटली आणि चिखलातून वर आली. दाबकेने बुटांवरचा चिखल झटकला आणि विचारलं, "कुठल्या घरापासून सुरुवात करायची?"

"माझ्यापासून," मगदूम छत्री उघडत म्हणाला. "चला. लिफ्ट न्हाई, सांगून ठेवतो."